पोलाद तापतं तेव्हा...



स्टेनलेस स्टील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मेसमधलं कडेला चेपलेलं ताट, होस्टेलच्या वॉटर कूलरची टाकी, फार तर आईचा प्रेशर कुकर! म्हणजे 'गंज न लागणारं पोलाद' एवढीच त्याची ओळख. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला मटेरियल्सचा पेपर लागेपर्यंत माझीही ओळख एवढीच होती. पण याच पोलादाला ६०० अंश सेल्सिअसला, प्रचंड दाबाखाली, दहा-बारा वर्षं उभं राहायला सांगितलं तर? तिथे गंजाचा प्रश्न उरतोच, पण त्याहून मोठा प्रश्न ताकदीचा असतो. आणि ही ताकद येते कुठून, तर लोखंडात मिसळलेल्या इतर धातूंमधून. कधी १८ टक्के, कधी अर्धा टक्का, तर कधी केवळ ०.०४ टक्के!

हा लेख त्या टक्क्यांविषयी आहे. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे काही शब्दांना मराठी प्रतिशब्द मला सुचत नाहीत. क्रीपला मी क्रीपच म्हणणार आहे. संपादक मंडळाने आणि मराठीच्या बाईंनी सांभाळून घ्यावे!

भिवंडीचा बॉयलर आणि कोराडीचा बॉयलर

आपल्या गावात कुठेही फिरा, मागाची खडखड ऐकू येतेच. मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावावी लागते. ते काम सायझिंगमध्ये होतं. सूत कांजीतून काढायचं आणि वाफेने तापवलेल्या गोल सिलिंडरांवरून फिरवून वाळवायचं. या वाफेसाठी सायझिंगच्या मागे एक बॉयलर असतो. त्याचा दाब समजा दहा किलो असेल, तर वाफेचं तापमान साधारण १८५ अंश. या तापमानाला साधं कार्बन स्टील आरामात टिकतं. सुकवण्याचे सिलिंडर मात्र बऱ्याचदा स्टेनलेसचे असतात, पण ते उष्णतेसाठी नव्हे. सुताला गंजाचा डाग लागू नये म्हणून.

आता हे माग ज्या विजेवर चालतात तिचा विचार करा. राज्याच्या ग्रिडमध्ये वीज घालणाऱ्या केंद्रांपैकी एक म्हणजे नागपूरजवळचं कोराडी. तिथे महानिर्मितीचे ६६० मेगावॅटचे तीन संच २०१५ ते २०१७ या काळात सुरू झाले. हे संच 'सुपरक्रिटिकल' आहेत. म्हणजे पाण्याचा दाब २२१ बारच्या वर नेलेला असतो. या दाबाच्या वर आणि ३७४ अंशांच्या पुढे पाणी आणि वाफ असा भेदच राहत नाही. पाणी उकळत नाही, थेट वाफेसारखं होऊन जातं. अशा बॉयलरमध्ये टर्बाइनकडे जाणारी वाफ ५५० ते ६०० अंशांच्या आसपास असते, आणि वाफ नेणाऱ्या नळीचं अंग बाहेरून धगीत असल्यामुळे वाफेपेक्षाही गरम असतं.

एवढा खटाटोप कशासाठी? वाफ जितकी गरम, तितकी तेवढ्याच कोळशातून वीज जास्त. थर्मोच्या पहिल्याच धड्यात कार्नो महाशयांनी हे सांगून ठेवलं आहे. म्हणजे कार्यक्षमता वाढवायची तर अडवतं कोण? थर्मोडायनॅमिक्स नव्हे, नळीचं मटेरियल!

क्रीप म्हणजे काय?

थंड पोलादावर वजन टाकलं आणि ते वजन त्याच्या यील्ड मर्यादेच्या आत असलं, तर पोलाद थोडं ताणलं जातं आणि तिथेच थांबतं. वर्षभराने बघा, तेवढंच. पण तापलेल्या पोलादाचं तसं नसतं. तेच वजन, तीच नळी, पण ती हळूहळू, न थांबता, ताणली जात राहते. हाच क्रीप. दिवसात दिसत नाही, महिन्यात दिसत नाही. पण काही वर्षांनी नळीचा व्यास फुगलेला असतो, मग ग्रेनच्या सीमांवर बारीक पोकळ्या दिसू लागतात आणि एक दिवस नळी फुटते.

हे कुठल्या तापमानाला सुरू होतं? ठोकताळा असा, की धातूच्या वितळण्याच्या तापमानाच्या (केल्विनमध्ये) साधारण ०.४ पट. शिशाचा वितळणबिंदू ६०० केल्विन. म्हणजे आपल्या खोलीतलं ३०० केल्विन हे शिशासाठी निम्मं झालं. म्हणून शिशाचे जुने पाइप स्वतःच्याच वजनाने लोंबलेले दिसतात. ३०४ स्टेनलेस साधारण १४०० अंश सेल्सिअसला वितळू लागतं. हिशोब केला तर ४०० अंशांच्या आसपास त्याला क्रीपची चाहूल लागते आणि ५४० अंशांच्या पुढे डिझाइन पूर्णपणे क्रीपवर ठरतं.

म्हणूनच बॉयलरच्या कोडमध्ये तापमान वाढलं की परवानगी असलेला ताण झपाट्याने खाली येतो. अमेरिकेच्या एएसएमई कोडमध्ये ३०४ एच या ग्रेडला खोलीच्या तापमानाला १३८ मेगापास्कल ताण चालतो. ५९३ अंशांला सुमारे ६८. ६४९ अंशांला सुमारे ४२. आणि ८१६ अंशांला जेमतेम १०! हे आकडे काढताना एक लाख तास, म्हणजे जवळजवळ साडेअकरा वर्षांचा विचार केलेला असतो.

आणि वीस अंशांनी काय फरक पडतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी लार्सन-मिलरचं समीकरण घ्यावं. (१९५२ सालचं आहे, विद्यापीठाच्या परीक्षेत अजून येतं!) तापमान केल्विनमध्ये घ्या, त्याला २० अधिक तासांचा लॉग याने गुणा. ताण तोच असेल तर हा गुणाकार बदलत नाही. समजा नळी ६०० अंशांला एक लाख तास टिकणार आहे. ८७३ गुणिले २५, म्हणजे २१,८२५. आता तीच नळी ६२० अंशांला चालवा. २१,८२५ भागिले ८९३ बरोबर २४.४४. त्यातून २० वजा केले की ४.४४. म्हणजे सुमारे साडेसत्तावीस हजार तास. साडेअकरा वर्षांची नळी तीन वर्षांवर आली, फक्त वीस अंशांत!

अंजूर फाट्याचा ट्रॅफिक

धातू ताणला जातो म्हणजे आत नक्की काय होतं? अणूंच्या रांगांमध्ये एक दोष असतो, त्याला डिसलोकेशन म्हणतात. हे डिसलोकेशन सरकतं, म्हणून धातूचा आकार बदलतो. डिसलोकेशनला अंजूर फाट्यावरून गोडाऊनकडे निघालेला ट्रक समजा. ट्रक सुसाट गेले तर धातू मऊ. ट्रक अडले तर धातू मजबूत. म्हणजे मेटलर्जिस्टचं काम आपल्या ट्रॅफिक हवालदाराच्या बरोबर उलटं. त्याला जाम करायचा असतो!

जाम करण्याचे मुख्य उपाय दोन. एक, रस्त्यात जागोजागी हातगाड्या उभ्या करायच्या. म्हणजे लोखंडापेक्षा लहान किंवा मोठ्या आकाराचे अणू मिसळायचे. दोन, स्पीडब्रेकर बांधायचे. म्हणजे कार्बाइडसारखे अतिसूक्ष्म कठीण कण आत तयार करायचे.

थंडीत हे दोन्ही उपाय छान चालतात. पण उष्णतेत अणू स्वतःच जागा बदलू लागतात. ट्रक अडला तर डिव्हायडरवर चढून दुसऱ्या लेनमध्ये उतरतो. (पुस्तकातही या प्रकाराला 'क्लाइम्ब' असंच म्हणतात!) शिवाय बारीक बारीक स्पीडब्रेकर विरघळून एकमेकांत मिसळतात आणि थोडेच पण मोठे उंचवटे उरतात. मग दोन उंचवट्यांच्या मधून ट्रक मोकळे. म्हणून गरम पोलादासाठी असे अडथळे हवेत जे वर्षानुवर्षं उष्णतेत राहूनही जागचे हलणार नाहीत. प्रत्येक मिश्रधातूचं काम या दृष्टीने बघूया.

कोण काय करतं?

क्रोमियम : हा मालक. किमान साडेदहा टक्के असल्याशिवाय पोलादाला स्टेनलेस म्हणत नाहीत. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि आतलं लोखंड वाचवतो. गंमत म्हणजे क्रीपविरुद्ध त्याची स्वतःची मदत फार नाही. पण थर टिकला नाही तर नळीची जाडी झिजते, उरलेल्या जाडीवर ताण वाढतो आणि मग क्रीप वेगात होतो. म्हणजे क्रोमियम ताकद देत नाही, ताकद राखतो. ३०४ मध्ये तो १८ ते २० टक्के. ३१० मध्ये २४ ते २६ टक्के, म्हणून ३१० हवेत ११५० अंशांपर्यंत पापुद्रे न काढता टिकतं, तर ३०४ साधारण ९२५ पर्यंत.

निकेल : लोखंडाच्या अणूंची मांडणी दोन तऱ्हेची. खोलीच्या तापमानाला सैल मांडणी, म्हणजे फेराइट. ९१२ अंशांच्या वर घट्ट मांडणी, म्हणजे ऑस्टेनाइट. आठ-दहा टक्के निकेल घातलं की १८ टक्के क्रोमियमच्या पोलादात ही घट्ट मांडणी थंड झाल्यावरही कायम राहते. जर्मनीच्या क्रुप कंपनीत १९१२ साली याच क्रोमियम-निकेल पोलादाचा शोध लागला. घट्ट मांडणीचा फायदा काय? त्याच तापमानाला फेराइटमध्ये अणू जेवढे भटकतात त्याच्या साधारण शंभरावा भाग ऑस्टेनाइटमध्ये भटकतात. अणू भटकले नाहीत तर ट्रक डिव्हायडरवर चढू शकत नाही. म्हणजे निकेल स्वतः अडथळा बनत नाही, तो रस्ताच अरुंद करतो. मोटारसायकलच्या सायलेन्सरला ४०९ सारखं बिननिकेलचं स्टेनलेस चालतं, कारण तिथे भार कमी असतो. सुपरहीटरला ते चालणार नाही.

मॉलिब्डेनम : याचा अणू लोखंडापेक्षा मोठा आणि सुस्त. ही भर रस्त्यातली मोठी हातगाडी. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के असतो. ३०४ एचला ६४९ अंशांला जिथे ४२ मेगापास्कल चालतात तिथे ३१६ एचला सुमारे ५१. पण याचा एक दुर्गुण आहे. त्याचं ऑक्साइड ७९५ अंशांनाच वितळतं. म्हणून भट्टीच्या कोंडलेल्या हवेत, खूप वरच्या तापमानाला, ३१६ धोक्याचं ठरू शकतं. महागाचं ते सगळीकडेच चांगलं, असं नाही.

कार्बन : हा खरा नाटकातला कलाकार. एका प्रवेशात खलनायक, दुसऱ्यात नायक! वेल्डिंग करताना जोडाच्या आजूबाजूचा भाग ४५० ते ८५० अंशांमधून जातो. तिथे कार्बन क्रोमियमला पकडून ग्रेनच्या सीमांवर कार्बाइड बनवतो. एका कार्बाइडमध्ये कार्बनचे ६ अणू आणि क्रोमियमचे तब्बल २३. सीमेलगतचं क्रोमियम संपतं आणि पुढे पाण्यात किंवा ॲसिडमध्ये तिथूनच गंज आत शिरतो. म्हणून ०.०३ टक्क्यांच्या आत कार्बन असलेले 'एल' ग्रेड आले. डेअरीत, औषध कंपनीत, डाइंगच्या टाकीत ३१६ एलच हवं. पण ६०० अंशांना तेच कार्बाइड ग्रेनच्या सीमा घसरू देत नाहीत, ट्रक अडवतात. म्हणून गरम कामासाठी उलट अट, कार्बन ०.०४ ते ०.१० टक्के हवाच. हे 'एच' ग्रेड. त्यात ग्रेनही जरा मोठे ठेवतात, कारण ग्रेन मोठे म्हणजे घसरायला सीमा कमी.

टायटॅनियम आणि नायोबियम : कार्बनला क्रोमियमपेक्षा हे दोघे जास्त आवडतात. ३२१ मध्ये टायटॅनियम, ३४७ मध्ये नायोबियम. मूळ हेतू वेल्डजवळचं क्रोमियम वाचवण्याचा. पण त्यांची कार्बाइड अतिशय बारीक आणि हट्टी असतात, उष्णतेत लवकर मोठी होत नाहीत. त्यामुळे ३४७ एच क्रीपमध्येही ३०४ एचच्या पुढे गेलं. ६४९ अंशांला सुमारे ५४ मेगापास्कल. एका दगडात दोन पक्षी!

नायट्रोजन : हवेत फुकट मिळणारा हा वायू पोलादात घातला की कार्बनसारखाच दोन अणूंमधल्या फटीत बसतो आणि ताकद देतो. मात्र क्रोमियम लुटण्याची त्याला घाई नसते. म्हणून कार्बन कमी आणि नायट्रोजन थोडा जास्त, असं ३१६ एलएन तयार झालं. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीचं मुख्य पात्र याच पोलादाचं आहे. तिथे गरम सोडियम सुमारे ५५० अंशांना असतो. तिथल्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने नायट्रोजन ०.०७ पासून ०.२२ टक्क्यांपर्यंत वाढवून पाहिला, तर क्रीपचं आयुष्य खूपच वाढलेलं आढळलं.

तांबं : पोलादवाल्यांना एरवी तांबं म्हणजे डोकेदुखी, गरम रोलिंग करताना तडे जातात. पण जपानच्या सुमितोमो मेटलने १८-८ स्टेनलेसमध्ये मुद्दाम सुमारे ३ टक्के तांबं घातलं, जोडीला थोडं नायोबियम आणि नायट्रोजन. हेच सुपर ३०४ एच. वापरात असताना, त्या धगीतच, तांब्याचे काही नॅनोमीटरचे कण आत तयार होतात आणि दीर्घकाळ बारीकच राहतात. म्हणजे स्पीडब्रेकर रस्ता सुरू झाल्यावर आपोआप उगवतात! सुपरक्रिटिकल बॉयलरच्या सर्वांत गरम नळ्यांमध्ये आज हे पोलाद वापरलं जातं.

मॅंगनीज आणि सिलिकॉन यांच्याविषयी एवढंच, की मॅंगनीज निकेलची जागा काही अंशी घेतं (स्वस्त भांड्यांचं २०० सीरिजचं स्टील आठवा) आणि सिलिकॉन ऑक्साइडच्या थराला मदत करतो.

मग सगळंच जास्त घाला की!

असा विचार मनात येतोच. पण क्रोमियम, मॉलिब्डेनम, सिलिकॉन फार झाले की ६०० ते ९०० अंशांच्या दरम्यान 'सिग्मा' नावाचं संयुग तयार होतं. ते काचेसारखं ठिसूळ. गरम असताना पोलाद ठीक वाटतं, गार झाल्यावर आपटलं की तडकतं. निकेल वाढवलं की सिग्मा मागे हटतो, पण निकेल महाग.

शिवाय ऑस्टेनाइटचे स्वतःचे नखरे आहेत. एक मीटर नळी ६०० अंशांपर्यंत तापली तर सुमारे ११ मिलिमीटर वाढते, साध्या पोलादाची ८. उष्णताही ते साध्या पोलादाच्या मानाने फार कमी वाहून नेतं. त्यामुळे जाड भिंतीच्या हेडरला स्टेनलेस वापरलं तर बॉयलर सुरू-बंद करताना आतबाहेरच्या तापमानातल्या फरकाने भेगा पडण्याची भीती. म्हणून जाड भागांना ९ टक्के क्रोमियमचं टी-९१ घराण्यातलं फेरिटिक पोलाद आणि पातळ, गरम नळ्यांना स्टेनलेस, अशी वाटणी करतात.

एका अक्षराची किंमत

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, आम्हाला काय कोराडीचा बॉयलर बांधायचाय? तर माझ्या मामांच्या गाळ्यातली गोष्ट सांगते. मामांचं भिवंडीजवळ छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे. एका पार्टीला हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत पार्ट ठेवायची बास्केट हवी होती. भट्टी ९०० अंशांची. पार्टीने पत्रा स्वतःच आणला, ३१६ एलचा. "महागातला आहे, टिकेलच," असं म्हणाले. मामांनी सांगून बघितलं, पण गिऱ्हाईकापुढे कोणाचं चालतं? काही महिन्यांत बास्केट झोळीसारखी लोंबली आणि पापुद्रे सुटायला लागले. नशीब, भरलेली बास्केट क्रेनवर असताना तुटली नाही. खाली माणूस उभा असतो. नंतर ती ३१० मध्ये बनवली आणि मामांनी सोबत ताकीद दिली, की गार झाल्यावर आपटायची नाही. कारण तुम्हाला आता ठाऊक आहे, सिग्मा!

मामांचं शिक्षण आयटीआयपर्यंत. पण ते मला म्हणाले, "अगं, पार्टी काय माल सांगते ते नंतर. आधी विचारायचं, भट्टी किती डिग्रीची आणि वजन किती." मटेरियल सिलेक्शनच्या अख्ख्या धड्याचं सार यात आलं.

आणखी एक फसवी गोष्ट. बाजारात बऱ्याचदा ३०४/३०४ एल असा दुहेरी शिक्क्याचा माल मिळतो. ३०४ ला कार्बनची वरची मर्यादा आहे, खालची नाही. त्यामुळे ०.०२ टक्के कार्बनचा पत्रा कागदावर ३०४ सुद्धा ठरतो. यात बेकायदा काही नाही. पण एएसएमई कोडची टीप सांगते, की ५३८ अंशांच्या वर दिलेले ताणाचे आकडे कार्बन ०.०४ टक्के किंवा जास्त असेल तरच लागू. म्हणजे तुम्ही गरम कामासाठी नुसतं '३०४' मागवलं, तर हातात एलसुद्धा येऊ शकतं, आणि लोहचुंबक लावून किंवा पॉलिश बघून हा फरक कोणालाही कळणार नाही. तो फक्त टेस्ट सर्टिफिकेटवर दिसतो. म्हणून ऑर्डरमध्ये 'एच' लिहा. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर मालावरच्या नंबराशी ताडून बघा. कार्बनचा रकाना वाचा.

आपल्यातले कित्येक जण पुढच्या वर्षी कुठल्या ना कुठल्या प्लांटमध्ये ट्रेनी इंजिनियर म्हणून लागतील. पहिल्याच महिन्यात कोणीतरी मटेरियलची रिक्विझिशन पुढे सरकवेल आणि म्हणेल, "सही कर, चहा घे." चहा जरूर घ्या. पण सही करण्याआधी तो ०.०४ चा आकडा बघा. कारण तिथे चूक झाली तर नळी उद्या फुटणार नाही. ती तीन वर्षांनी फुटेल, रात्रपाळीला, आणि तिच्या शेजारून जाणाऱ्या माणसाला तुमचं नावही माहीत नसेल.